नसलेल्या गायकांची खरीखुरी गाणी

१९८० च्या आसपासची गोष्ट. गिरगावातल्या एका चाळीत माझा मावसभाऊ राहायचा. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही सगळी भावंडं त्याला नुसतं 'दादा' म्हणायचो. दिवसा तो एका कंपनीत कारकुनी करायचा आणि गणपती, नवरात्र, लग्नसराई अशा हंगामात ऑर्केस्ट्रात गायचा. चाळीखाली एक लायब्ररी होती. चार आणे रोजानं कॉमिक्स मिळायची. सुट्टीत मी दादाकडे राहायला गेलो की दिवसभर त्या लायब्ररीतल्या आर्चीच्या कॉमिक्सचा फडशा पाडायचा, हा माझा कार्यक्रम.

एका संध्याकाळी दादानं फाउंटनच्या फुटपाथवरून एक कॅसेट आणली. साठच्या दशकातली गाजलेली इंग्रजी गाणी. टू-इन-वनवर ती लागली आणि तिसरं की चौथं गाणं सुरू झालं. गुळाच्या ढेपेसारखं गोड, टाळ्यांच्या ठेक्यावरचं. दादानं वेष्टनावरचं नाव वाचलं, 'द आर्चीज'. मी खो खो हसलो. हातातलं कॉमिक त्याच्यापुढं धरलं आणि म्हटलं, "दादा, हे बघ आर्ची. हा लाल केसांचा. हा मुकुटासारखी टोपी घातलेला जगहेड. ही चित्रातली पोरं आहेत. ती कशी गातील?"

दादा हसला नाही. त्यानं कॅसेट मागं घेतली, परत लावली. पुन्हा मागं घेतली. तीनदा ऐकून झाल्यावर म्हणाला, "गाणारा एकच आहे रे. मागचे आवाजसुद्धा पुष्कळसे त्याचेच आहेत. आणि एक बाई आहे. चांगला तयार गळा आहे. पण नाव नाही लिहिलेलं त्याचं."

नाव का नाही, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. त्यासाठी आधी कॅलिफोर्नियातल्या एका जाहिरातीपर्यंत जावं लागतं.

८ सप्टेंबर १९६५ रोजी हॉलिवूडच्या धंदेवाईक वृत्तपत्रांत एक जाहिरात झळकली. एका नव्या दूरचित्रवाणी मालिकेत काम करण्यासाठी १७ ते २१ वयाची चार 'वेडी' पोरं हवी आहेत, गाता-वाजवता येणारी. जाहिरात देणारे दोघे तरुण निर्माते होते, बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर. बीटल्सनी त्या सुमारास जग वेडावून सोडलं होतं. त्यांच्या चित्रपटातली पळापळ, टवाळकी, मध्येच गाणं, हा सगळा मसाला दर आठवड्याला घरबसल्या दाखवता आला तर? खरे बीटल्स मालिकेसाठी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून बनवायचे. ४३७ उमेदवार आले. त्यांतून चौघे ठरले, आणि या चौघांच्या 'बँड'चं नाव ठेवलं 'द मंकीज'. मालिकेची कथाही अशी की चार कडके मित्र समुद्रकिनारी एका घरात राहतात, बँड म्हणून नाव कमवायची धडपड करतात, आणि ते त्यांना काही केल्या जमत नाही.

निवडलेले चौघे पाहण्यासारखे आहेत. डेव्ही जोन्स हा मँचेस्टरचा बुटका, देखणा पोरगा, ब्रॉडवेवरच्या 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात काम केलेला. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स अमेरिकेला पहिल्यांदा दिसले, त्याच रात्री त्याच कार्यक्रमात डेव्हीही नाटकातला प्रवेश सादर करायला उभा होता. मिकी डोलेन्झ हा बालनट. त्याला ड्रम्स वाजवता येत नव्हते, पण बँडला ड्रमर लागतो म्हणून त्याला तिथं बसवलं आणि मग तो वाजवायला शिकला. पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या कॅफेंमधून लोकगीतं गात आलेला. आणि लोकरीची टोपी घालणारा टेक्सासचा माईक नेस्मिथ. (जाता जाता सांगायला हवं, टंकलेखनातल्या चुका झाकायचं 'लिक्विड पेपर' नावाचं पांढरं द्रावण शोधून काढलं ते याच नेस्मिथच्या आईनं. बँकेत सेक्रेटरीचं काम करता करता, स्वतःच्या स्वयंपाकघरात. १९७९ साली ती कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकली गेली. कारकुनी केलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी पोराचं गाणं ऐकलं नसेल, पण आईची बाटली हाताळली असेल.)

१२ सप्टेंबर १९६६, सोमवार, संध्याकाळी साडेसात. एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली. 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' ही तबकडी त्याआधीच बाजारात आली होती. ती पहिल्या क्रमांकावर गेली. मग नील डायमंडनं लिहिलेलं 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' सात आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून राहिलं. पहिला अल्बम तेरा आठवडे अव्वल, त्याला खाली ओढून दुसरा अठरा आठवडे अव्वल. १९६७ साली मालिकेला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी पारितोषिकही मिळालं. मंकीजचे डबे, मंकीजच्या गाड्या, मंकीजचे शर्ट, काही विचारू नका.

आणि मग बिंग फुटलं. फुटलं म्हणण्यापेक्षा नेस्मिथनंच ते फोडलं. या दोन्ही अल्बमांवर गळे जरी मंकीजचे असले तरी वाद्यं बहुतेक दुसऱ्यांनी वाजवलेली होती. संगीताची सारी सूत्रं डॉन कर्शनर नावाच्या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाच्या हातात होती. कोणतं गाणं घ्यायचं, कुणाकडून लिहून घ्यायचं, कोणता वादक बोलवायचा, सगळं तो ठरवायचा. कान मात्र सोन्याचा. कॅरोल किंग, नील सेडाका अशी मंडळी त्याच्याकडे पगारी गीतकार म्हणून राहून गेली होती. दुसरा अल्बम बाजारात आला तेव्हा मंकीज दौऱ्यावर होते. आपला स्वतःचा अल्बम त्यांनी दुकानातून विकत आणून पाहिला! नेस्मिथ खवळला. १९६७ च्या जानेवारीत त्यानं 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'ला सरळ सांगून टाकलं की आमच्या तबकड्यांवर आम्ही वाजवत नाही. त्याच सुमारास बेव्हर्ली हिल्स हॉटेलात एक बैठक झाली. चौघांना प्रत्येकी अडीच लाख डॉलरचे धनादेश द्यायला कर्शनर आला होता. नेस्मिथचं म्हणणं, पैसे नकोत, वाजवू द्या. वकिलानं करार दाखवला. नेस्मिथनं भिंतीवर असा ठोसा मारला की हात आत गेला.

आता या सगळ्या प्रकरणात मंकीजवर लोक एवढे का चिडले, हे मला कधी नीटसं पटलेलं नाही. ज्या स्टुडिओ वादकांनी त्यांच्या तबकड्या वाजवल्या, लॉस एंजेलिसमधलं तेच वादकांचं टोळकं बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वरही वाजवत होतं. 'बर्ड्‌स' या मोठ्या मानाच्या बँडच्या पहिल्या गाजलेल्या तबकडीवर पाच जणांपैकी फक्त एकानं स्वतः वाद्य हातात धरलं होतं. त्यांना कुणी दगड मारले नाहीत. पण बीटल्स आणि डिलन यांच्यानंतर अमेरिकेत एक नवी सोवळ्याची कल्पना आली होती. जो गातो त्यानंच लिहावं, त्यानंच वाजवावं, नाहीतर ते खोटं. त्याआधी सिनात्रा कुठं स्वतःची गाणी लिहीत होता? बरं, मंकीज तर उघड उघड मालिकेतली पात्रं होती. डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला कुणी 'खरंच शस्त्रक्रिया करून दाखव' असं म्हणत नाही!

कर्शनरला काढून टाकण्यात आलं. मंकीजनी स्वतः वाजवून 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम काढला. थोडा ओबडधोबड, पण त्यांचा. १९६७ च्या मे महिन्यात तो आला, एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि पुढच्या आठवड्यात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नं त्याला खाली ढकललं. मग पुढचे अकरा आठवडे तो दुसऱ्या क्रमांकावर होता. सार्जंट पेपरच्या खाली अकरा आठवडे टिकून राहणं ही काही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नव्हे. त्या उन्हाळ्यातल्या त्यांच्या दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर यायचा तो जिमी हेंड्रिक्स. आईवडिलांचं बोट धरून आलेली पोरं हेंड्रिक्सच्या गिटारीला दाद देण्याऐवजी डेव्हीच्या नावानं ओरडायची. काही कार्यक्रमांनंतर तो बिचारा निघून गेला. २५ मार्च १९६८ ला ५८ भागांनंतर मालिका संपली. तिच्यातून मिळालेल्या पैशांवर राफेल्सन-श्नायडर यांच्या कंपनीनं पुढच्याच वर्षी 'ईझी रायडर' काढला, आणि हॉलिवूडचा तोंडवळा बदलून टाकणारा तो चित्रपट ठरला. बनावट बँडच्या पैशातून हे उभं राहिलं, याचा उल्लेख चित्रपटाचे अभ्यासक जरा ओशाळूनच करतात.

इकडे कर्शनरनं काय धडा घेतला असेल? माणूस म्हटला की तो भांडणार, त्याला मतं असणार, भिंतीवर ठोसे मारणार. तेव्हा माणूसच नको. १४ सप्टेंबर १९६८ रोजी सीबीएसवर शनिवारच्या सकाळी 'द आर्ची शो' ही व्यंगचित्र मालिका सुरू झाली, आणि तिच्यातल्या गाण्यांची जबाबदारी कर्शनरकडे आली. १९४१ पासून कॉमिकमध्ये नांदणाऱ्या आर्ची, बेटी, व्हेरॉनिका, रेजी आणि जगहेड यांच्या गळ्यात त्यानं बँड घातला. हे पाच जण करार वाचणार नव्हते, धनादेश नाकारणार नव्हते.

त्या आर्चीजचं 'शुगर, शुगर' १९६९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे तिथं राहिलं. ब्रिटनमध्ये आठ आठवडे. बिलबोर्डच्या वार्षिक यादीत ते त्या संपूर्ण वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं ठरलं. १९६९ म्हणजे चंद्रावर पाऊल पडलं ते वर्ष. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या चिखलात लाखो तरुण जमले ते वर्ष. आणि त्या वर्षाचं गाणं गायलं शाईच्या पाच बाहुल्यांनी. जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी ते लिहिलं होतं. स्त्री-आवाज टोनी वाइन हिचा. आणि आर्चीचा आवाज? रॉन डान्टे नावाचा न्यूयॉर्कचा एक २४ वर्षांचा गायक. जाहिरातींची जिंगल्स गाऊन पोट भरणारा. एकाच गाण्यात स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत जायची त्याची हातोटी विलक्षण. त्याच शरद ऋतूत 'कफ लिंक्स' नावाच्या आणखी एका अस्तित्वात नसलेल्या बँडचं 'ट्रेसी' हे गाणं पहिल्या दहांत गेलं. त्यातले सगळे आवाज याचेच होते. म्हणजे एकच माणूस दोन बँड होऊन लोकांच्या घराघरांत गात होता, आणि रस्त्यावरून चालताना त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं.

गिरगावातल्या त्या संध्याकाळी दादाचा कान चुकला नव्हता.

आर्चीजच्या यशानंतर वाहिन्यांना बँडचं वेडच लागलं. आपल्या मुलांना कार्टून नेटवर्कमुळं पाठ झालेला 'स्कूबी-डू' सुद्धा मुळात रहस्य उकलणारा गाण्याचा बँडच व्हायचा होता. १३ सप्टेंबर १९६९ ला पडद्यावर येईपर्यंत बँड गळाला, रहस्य आणि कुत्रा उरला. 'जोसी अँड द पुसीकॅट्स' (१९७०) मध्ये मात्र बँड राहिला, आणि तिथं एक लढाई झाली तिचा उल्लेख केलाच पाहिजे. तीन मुलींच्या या व्यंगचित्र बँडसाठी निर्माता डॅनी जॅन्सन यानं तीन गायिका निवडल्या. त्यांतली पॅट्रिस हॉलोवे ही कृष्णवर्णीय होती. स्टुडिओला हव्या होत्या तिन्ही गोऱ्या. जॅन्सन अडून बसला, हिचा आवाज नसेल तर मीही नाही. सुमारे तीन आठवडे ओढाताण चालली आणि अखेर हॅना-बार्बेरा नमले. व्हॅलरी हे पात्र कृष्णवर्णीय राहिलं. शनिवार सकाळच्या व्यंगचित्र मालिकांत नियमित दिसणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी समजली जाते. पडद्यामागच्या गळ्यानं पडद्यावरच्या चेहऱ्याचा रंग ठरवला, असं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

पण हाडामांसाच्या माणसाच्या वाट्याला हा खेळ आला की काय होतं, ते पाहायचं तर 'द पार्ट्रिज फॅमिली'कडे वळावं लागतं. २५ सप्टेंबर १९७० पासून एबीसीवर दर शुक्रवारी रात्री. आई आणि तिची पाच मुलं, रंगीबेरंगी चौकटींनी रंगवलेली जुनी शाळेची बस, गावोगाव गाण्याचे कार्यक्रम. कल्पना सुचली ती ऱ्होड आयलंडच्या काउसिल नावाच्या खऱ्याखुऱ्या गाणाऱ्या कुटुंबावरून. त्यांनाच घेऊन मालिका करायची असं आधी घाटत होतं. पण निर्मात्यांना आईच्या भूमिकेत ऑस्कर मिळवलेली शर्ली जोन्स हवी होती, खरी आई नको होती. काउसिल मुलं आईला सोडून यायला तयार होईनात. खरं कुटुंब बाजूला राहिलं, खोटं कुटुंब गाऊ लागलं.

त्या सहा जणांपैकी तबकड्यांवर दोघंच गायची, शर्ली जोन्स आणि तिचा सावत्र मुलगा डेव्हिड कॅसिडी. बाकीची मुलं ओठ हलवायची. कॅसिडीलाही आधी नुसता नट म्हणूनच घेतलं होतं. तो गाऊ शकतो हे नंतर कळलं. 'आय थिंक आय लव्ह यू' तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि विशीतला हा पोरगा रातोरात कोट्यवधी मुलींच्या खोलीतल्या भिंतीवर जाऊन बसला. पण भिंतीवर होता तो कीथ पार्ट्रिज. डेव्हिड कॅसिडी कुणालाच नको होता. १९७२ साली त्यानं 'रोलिंग स्टोन' मासिकासाठी उघड्या अंगानं छायाचित्र काढून घेतलं. मुखपृष्ठावर ते आलं, गहजब झाला, कीथ काही मेला नाही. १९७४ च्या मार्चमध्ये मालिका संपली. त्याच वर्षी २६ मे रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानात त्याचा कार्यक्रम होता. गर्दी पुढं रेटली गेली, शेकडो मुली जखमी झाल्या. चौदा वर्षांची एक मुलगी त्यात चिरडली आणि चार दिवसांनी वारली. मालिकेतल्या बँडमध्ये असं काही कधी घडत नसे. तिथं अर्ध्या तासात सगळं ठीक व्हायचं. कॅसिडीनं पुढं नाटकं केली, दौरे केले, दारूशी झगडला. २१ नोव्हेंबर २०१७ ला ६७ व्या वर्षी तो गेला. किती काळ वाया गेला, अशा अर्थाचे त्याचे अखेरचे शब्द होते, असं त्याच्या मुलीनं जाहीरपणे सांगितलं.

इथपर्यंत वाचून मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न केव्हाच उभा राहिला असेल. पडद्यावर एकानं ओठ हलवायचे आणि मागं दुसऱ्यानं गायचं, यात एवढं आकांडतांडव करण्यासारखं काय आहे? आपण तर यावरच वाढलो. नूतनच्या तोंडी लताबाईंचा आवाज आला म्हणून कुणाची फसवणूक झाली नाही. आपण चेहऱ्यावर प्रेम केलं, आवाजावर वेगळं प्रेम केलं आणि दोघांना एकत्रही नांदू दिलं.

पण हे सुखासुखी घडलेलं नाही. १९४९ साली 'महाल' आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, पडद्यावर मधुबाला, आणि झोपाळ्याच्या करकरीवरून येणारं 'आयेगा आनेवाला'. त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव! आर्चीजच्या आधी वीस वर्षं आपल्याकडे हाच प्रकार झाला होता. फरक पडला तो पुढं. गाणं रेडिओवर लागलं आणि श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला, ही कामिनी कोण? रेडिओवाल्यांनी कंपनीकडे चौकशी केली, आणि लता मंगेशकर हे नाव हवेत उच्चारलं गेलं. नंतर तबकड्यांवर गायकांची नावं छापण्याची रीत रुजली. तेवढ्यावर भागलं नाही. फिल्मफेअरची पारितोषिकं संगीतकाराला होती, गायकाला नव्हती. त्यासाठी लताबाईंनी हट्ट धरला, आणि १९५९ साली पार्श्वगायनाचं पहिलं पारितोषिक दिलं गेलं. 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी ते त्यांनाच मिळालं.

याच लताबाईंनी साठच्या दशकात काही मराठी चित्रपटांना संगीत दिलं तेव्हा स्वतःचं नाव मुद्दाम झाकून 'आनंदघन' हे टोपणनाव घेतलं. 'साधी माणसं' त्यातलाच. आपण होऊन घेतलेला मुखवटा आणि दुसऱ्यानं चढवलेला मुखवटा यांत किती अंतर आहे, ते एकाच माणसाच्या आयुष्यात असं दिसतं. अमेरिकेत चूक झाली ती आवाज उसना घेतला ही नव्हे. ज्याचा घेतला त्याचं नाव पुसलं, ही. 'शुगर, शुगर'च्या तबकडीवर कंपनीनं डान्टेचं नाव छापलं असतं तर गाण्याची गोडी गुंजभर तरी कमी झाली असती का?

दादाच्या ऑर्केस्ट्राची पोस्टरं मला आठवतात. पिवळ्या कागदावर लाल अक्षरं. सर्वांत वर ऑर्केस्ट्राचं नाव. खाली मिमिक्रीवाल्याचं नाव, निवेदकाचं नाव. आणि मग 'व्हॉइस ऑफ रफी', 'व्हॉइस ऑफ किशोर', 'व्हॉइस ऑफ मुकेश'. दादा हा 'व्हॉइस ऑफ मुकेश' होता. चौदा वर्षं गायला, गिरगावपासून चिपळूणपर्यंत. लोक कार्यक्रमानंतर येऊन हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "काय मुकेश गायलात!" घरी मावशीनं एक पोस्टर जपून ठेवलं होतं. पाहुण्यांना ती 'व्हॉइस ऑफ मुकेश'वर बोट ठेवून दाखवायची, हा आमचा.

अमेरिकेत या बँडांची ओढ परत आली ती १९८६ साली. २३ फेब्रुवारीला एमटीव्हीनं मंकीजचे भाग सलग दाखवायला सुरुवात केली. मालिका बंद पडल्यानंतर जन्मलेली पोरं टीव्हीसमोर खिळली, वीस वर्षांचे जुने अल्बम पुन्हा विक्रीच्या यादीत चढले, आणि चाळिशीतले मंकीज दौऱ्यावर निघाले. ज्यांनी त्यांना खोटं म्हटलं होतं त्यांचीच मुलं आता सभागृहात होती. मला वाटतं, यामागं सोमवारची संध्याकाळ होती. सगळं घर एका पेटीसमोर बसलेलं, आई स्वयंपाकघरातून मधूनच डोकावणारी, आणि ठरलेल्या वेळी ठरलेली चार माणसं आपल्या खोलीत येऊन गाणारी. आपल्याकडे 'छायागीत'ला शेजाऱ्याच्या दारात चपला काढून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खऱ्या बँडला भेटायला तिकीट काढून जावं लागतं. हे घरी यायचे.

नेस्मिथ शेवटपर्यंत खट्याळ राहिला. १९६७ साली मंकीजच्या तबकड्या बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या दोघांच्या मिळून विकल्या गेल्या त्याहून जास्त विकल्या गेल्या, असं अनेक पुस्तकांत छापलेलं आढळतं. ती थाप आपणच एका पत्रकाराला मारली होती, असं त्यानं २०१७ च्या आपल्या आत्मकथनात कबूल केलं. खोट्या बँडबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध आकडाही खोटाच निघाला! डेव्ही जोन्स २०१२ साली २९ फेब्रुवारीला गेला, पीटर टॉर्क २०१९ साली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमध्ये उरलेल्या दोघांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. नेस्मिथचं हृदय तेव्हा थकलेलं होतं. तरी तो उभा राहिला, गायला. चार आठवडेही झाले नाहीत, १० डिसेंबरला तो गेला. पुढच्या दौऱ्यांत मिकी डोलेन्झ एकटा गायचा, आणि बाकीचे तिघे त्याच्या मागं पडद्यावर दिसायचे, विशीतले, धावणारे. पडद्यासाठी जुळवलेला बँड पुन्हा पडद्यावर गेला.

रॉन डान्टेचं मात्र पुढं बरं झालं. सत्तरच्या दशकात त्यानं बॅरी मॅनिलोच्या गाजलेल्या तबकड्यांची निर्मिती केली, आणि उतारवयात मंचावर उभं राहून, स्वतःच्या नावानं 'शुगर, शुगर' गायला. समोर पन्नाशी-साठीतली माणसं. ती त्याचा चेहरा पहिल्यांदाच बघत असायची आणि आवाज मात्र लहानपणापासून ओळखत असायची.

७ डिसेंबर २०२३ ला झोया अख्तर यांचा 'द आर्चीज' नेटफ्लिक्सवर आला. गोष्ट १९६४ सालातल्या एका काल्पनिक थंड हवेच्या गावातली, पात्रं अँग्लो-इंडियन. १९६८ साली जन्मलेला बँड इथं चार वर्षं आधीच वाजू लागला, पण कॉमिकच्या गावाला इतिहासाचे नियम लावण्यात अर्थ नाही. त्या निमित्तानं नातवंडांनी दादाला आर्चीबद्दल विचारलं आणि त्यानं मला फोन केला. दादा आता सत्तरीचा आहे, डोंबिवलीला राहतो. गाणं केव्हाच सुटलं.

पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं कपाटाच्या तळातून बुटांचा एक खोका काढला. त्यात ती कॅसेट होती. वाजत नव्हती. फीत आतल्या आत चिकटली होती. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, कर्शनरची, ठोशाची, दोन बँड झालेल्या माणसाची. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "नाव काय म्हणालास त्याचं?"

"रॉन डान्टे."

"आणि ती बाई?"

"टोनी वाइन."

त्यानं वेष्टनातला कागद अलगद बाहेर काढला, चष्मा लावला, नातीच्या कंपासपेटीतलं बॉलपेन घेतलं आणि मला स्पेलिंग विचारत विचारत 'द आर्चीज'च्या पुढं दोन्ही नावं लिहिली.